पेव्हरच्या खाली

भाच्याला फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून त्याच्याबरोबर पुण्याजवळ पुनावळ्याच्या बाजूला एक नवा प्रकल्प बघायला गेलो होतो. आधी सॅम्पल फ्लॅट, मग क्लब हाऊस, मग इमारतींच्या मधली मोकळी जागा, अशी ठरलेली प्रदक्षिणा. माहिती सांगणारी मुलगी चुणचुणीत होती, पाठ केलेलं बोलतानाही हसत होती. एका जागी थांबून तिने पायाखाली बोट दाखवलं. सिमेंटच्या जाळीदार ब्लॉकांमधून हिरवंगार गवत डोकावत होतं. "सर, हे परमिएबल पेव्हिंग आहे. इको-फ्रेंडली. पावसाचं पाणी वाहून जात नाही, जमिनीत मुरतं." गवतावर नुकतंच पाणी मारलेलं होतं, ऊन कलतं होतं, ओल्या मातीचा वास येत होता. मी मान डोलावली. मग पार्किंग बघायला लिफ्टने खाली गेलो. खाली एक पार्किंग, त्याच्या खाली आणखी एक. भाच्याला मिळणार होती त्या जागेवर उभं राहून वर पाहिलं, तर स्लॅबच्या पोटाशी पीव्हीसीचे पाइप आडवे-उभे गेलेले आणि एका सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. मघाशी ज्या 'जमिनीवर' उभे होतो, ती म्हणजे या पार्किंगचं छत होतं. भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामा, इथे पाणी मुरतंय."

आम्ही दोघंही हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

त्या मुलीचा यात काही दोष नव्हता. तिला जे सांगायला शिकवलं, ते तिने सांगितलं. आणि न्यायाने बोलायचं तर पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, त्या गवताचा अगदीच उपयोग नाही असंही नाही. दोन-चार इंच मातीत थोडं पाणी थबकतं, पाइपात जरा उशिरा पोचतं, उन्हाळ्यात पायाखालची धग कमी होते. ते पाणी पुढे टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडलं असेल तर उत्तमच. पण 'जमिनीत मुरतं' म्हणायला खाली जमीन तर पाहिजे! २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीच्या कागदपत्रांत असले शब्द हमखास असतात. हरित इमारतींचे गुणांक देणाऱ्या पद्धतींतही त्यांना मान आहे. त्यांतल्या 'लीड' या पद्धतीत जाळीदार फरसबंदी म्हणवून घ्यायला निम्मा पृष्ठभाग तरी मोकळा असावा लागतो. तर असा हा शब्द आर्किटेक्टच्या नकाशातून अर्जात जातो, अर्जातून ब्रोशरमध्ये, ब्रोशरमधून त्या मुलीच्या तोंडी. या प्रवासात त्याच्या खालची खडी कुठेतरी गळून पडते, वरचं हिरवं तेवढं शिल्लक राहतं.

खडीचं म्हणतो ते अशासाठी, की सगळी करामत तिथेच आहे. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक बसवताना बघितलंच असेल. आधी मुरूम टाकून धुम्मस मारतात, त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, त्यावर कच पसरून लेव्हल, मग ब्लॉक एकमेकांना खेटून, आणि शेवटी वरून बारीक कच झाडूने फटींत सारायची. कच म्हणजे क्रशरवरची दगडाची भुकटी. ओली होऊन दबली की ती घट्ट बसते. पाणी मुरवायचं असेल तर यातलं जवळजवळ सगळं उलटं करावं लागतं. पीसीसी नाही. कच नाही. ब्लॉकच्या खाली दीड-दोन इंच ६ ते १० मिलिमीटरची खडी, तिच्याखाली फूटभर मोठी खडी, २० ते ४० मिलिमीटरची, तीसुद्धा धुतलेली, भुकटीचा कण नसलेली. सगळ्यांत खाली माती वर येऊ नये म्हणून कापडासारखा जिओटेक्स्टाइलचा थर. ब्लॉकांमधल्या फटी रुंद ठेवायच्या आणि त्यांतही बारीक खडीच भरायची. स्वच्छ खडीच्या थरात साधारण चाळीस टक्के जागा रिकामी असते. म्हणजे फूटभर थरात चार इंचांहून जास्त पाऊस नुसता उभा राहू शकतो आणि मग सावकाश खाली उतरतो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. दोन्ही प्रकारांत दिसतात ते ब्लॉकच.

२०१५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका सिमेंटवाल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. टँकरभर पाणी ओततायत आणि काँक्रीट ते गटागटा पितंय. ते बिनवाळूचं काँक्रीट. खडीवर सिमेंटचा नुसता लेप, मधे पोकळ्या. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ 'आपल्याकडे हे कधी होणार' या शेऱ्यासह आला होता, आणि त्याच आठवड्यात आमच्या रस्त्याचा उरलेला मातीचा पट्टा महापालिकेने पेव्हरने बंद केला. त्या कामावर कुणी एक शब्दही लिहिला नाही. मीही नाही. उलट बरंच वाटलं होतं, चिखल गेला म्हणून.

पावसाळ्यात शहरातल्या फुटपाथवरून चालताना एखादा ब्लॉक डुगडुगतो. पाय पडला की फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पँटवर येते. ऑफिसला जाताना हे झालं की आपण कंत्राटदाराच्या सात पिढ्या उद्धरतो आणि पुढे जातो. त्या पुनावळ्याच्या फेरीनंतर मला त्या पिचकारीचा अर्थ लागला. पाणी ब्लॉकच्या खाली जातंच. फटींतून, कडेने, कुठूनही जातं. पण खाली पीसीसीची लादी असते, तिथे ते अडतं. कच वाहून जाते, ब्लॉकखाली पोकळी होते, ब्लॉक डुगडुगायला लागतो आणि कोंडलेलं पाणी आपल्या पायाची वाट बघत बसतं. पीसीसी घालतात ब्लॉक हलू नये म्हणून, आणि पावसाळ्यात तो हलतो त्याच पीसीसीवर साचलेल्या पाण्यामुळे.

आता कुणीतरी म्हणेल, पूर्वीची अंगणंच बरी होती. मलाही तसं म्हणायची लहर येते. माझं आजोळ राजापूर तालुक्यात. भातं घरात आली की तिथे अंगण 'करायचं' असायचं. पावसात शेवाळलेला, कडेने गवत उगवलेला थर खरवडायचा, नवी माती आणून पसरायची, पाणी मारायचं आणि मग चोपण्याने चोपायची. तो थप थप आवाज वाडीत घराघरातून यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेणाचं सारवण. दिवाळीच्या आत अंगण असं गुळगुळीत व्हायचं की आम्ही पोरं त्यावर पालथी पडून गोट्या खेळायचो, गालाला गार लागायचं. हे सगळं खरं. पण चोपून चोपून हाताला घट्टे मामीच्या पडायचे आणि शेणात हात आजीचे असायचे. त्या दोघींची कंबर आठवली की अंगणाच्या आठवणीतलं निम्मं काव्य आटतं. पुढे मामाने अंगणात कोबा केला, तेव्हा गहिवरून विरोध करणारे आम्ही सगळे मुंबई-पुण्याचे होतो. मामी मात्र त्या दिवशी भलतीच खुशीत होती.

दुसरं असं, की ते चोपलेलं अंगण स्वतः फारसं पाणी पीत नव्हतंच. चोपलेली माती आणि वर शेण, त्यातून पाणी जाणार कुठे? अंगणाला बेताचा उतार असायचा. पागोळ्यांनी घराच्या कडेने खळग्यांची ओळ पाडलेली असायची. तिथून पाणी अंगणावरून सरकत आगरात जायचं, माडांच्या आळ्यांत, पोफळींत. तिथली जमीन भुसभुशीत, पाचोळ्याने भरलेली. घट्ट जागा घरापुरती, आणि तिच्या चहूकडे मऊ जागा भरपूर. पाखाडी, म्हणजे वाडीतली दगडी पायवाट, तीही तशीच. जांभ्याचे चिरे सुटे बसवलेले, मधे ना चुना ना सिमेंट, पाणी चिऱ्यांच्या कडेने वाट काढून बाजूला उतरायचं. घट्ट जागा तिथेही होती, फक्त ती संपायची. आमच्या सोसायटीत ती कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जाते, भिंतीपलीकडे शेजारच्या सोसायटीची सुरू होते, तिच्यापुढे रस्त्याची.

आणि मुरणं म्हणजे साठणं नव्हे, हेही आजोळनेच शिकवलं. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, तो पाणी घेतो, पण तितक्याच सढळ हाताने उताराच्या पायथ्याशी सोडूनही देतो. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा आणि आजी भांडी राखेने घासून एका तांब्यात विसळायची. पुण्याच्या खाली काळा पाषाण. त्याचा एकसंध थर पाणी पीतच नाही, भेगा आणि वरचा कुजलेला मुरूम जेवढं घेईल तेवढंच. एका सोसायटीत पाणी भराभर खाली जातं आणि पन्नास फुटांवर डबकं दोन दिवस हलत नाही, असं सर्रास दिसतं. काळी चिकण माती असेल तर आणखी पंचाईत. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, वरचं काहीही जागेवर ठेवत नाही. अशा ठिकाणी खडीच्या थरातून छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी बाहेर काढावं लागतं. त्यामुळे कुणी 'आमचा ब्लॉक लावा, पाणी मुरेल' असं सरसकट सांगत असेल, तर त्याने खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहिलंय का, एवढंच विचारावं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात जे केलं, ते पुण्यात राहणारा विसरणार नाही. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. त्यानंतर काही दिवस प्रत्येक चहाच्या टपरीवर काँक्रिटीकरणाला शिव्या घातल्या गेल्या. त्या रास्तच होत्या. पण परमिएबल पेव्हिंगने तो पूर थांबला असता, असं म्हणणं मात्र भाबडेपणा आहे. कात्रजच्या डोंगराकडून तासाभरात आलेल्या लोंढ्याला आणि आवळलेल्या ओढ्याला पार्किंगमधली फूटभर खडी काय पुरी पडणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथे तर नावच नको. ही फरसबंदी कामी येते ती रोजच्या पावसात. अर्धा तास सर येते, रस्त्याच्या कडेला घोटाभर पाणी होतं, चेंबर उलटी करतं, तसल्या पावसात. असे पाऊस वर्षात पुष्कळ असतात आणि त्यांची बातमी होत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूचं काम निघालं ते त्या पुनावळ्याच्या फेरीच्याच सुमारास. ४०० चौरस मीटरची पार्किंगची जागा, ब्लॉक खचलेले, एका कोपऱ्यात बुचाचं झाड. त्या झाडाच्या खोडापर्यंत पेव्हर भिडवलेले होते. इतके, की बुंध्याने दोन ब्लॉक उचलून तिरपे केले होते आणि एकाची कड सालीत रुतली होती. साल तिच्याभोवती ओठासारखी वळून वाढली होती. मी वाकून बोट घालून पाहिलं, ब्लॉक निघेना. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचा एक मीटर मोकळा करायला सांगितलं होतं. आमच्या झाडाला चार बोटंही मोकळी नव्हती. दरवर्षी ऑक्टोबरच्या आसपास त्याची लांब देठाची पांढरी फुलं त्या ब्लॉकांवर पडतात आणि सगळे तोंडभरून कौतुक करतात.

मीटिंगमध्ये मी हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४०० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पडला तर २०,००० लिटर, म्हणजे आपण मे महिन्यात मागवतो तसले दहा हजारी दोन टँकर, जे सध्या आपण गटारात सोडतो. टँकर म्हटल्याबरोबर लोकांनी फोन खाली ठेवले. आता त्यातलं किती आपल्या बोअरला लागेल हे देवच जाणे, तेही मी सांगितलं. पण तोवर टँकर त्यांच्या डोक्यात बसला होता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. "ते जाळीजाळीचं लावणार असाल तर माझं काय? काठी अडकेल हो त्या भोकांत." सभेत हशा पिकला, पण काकू हसत नव्हत्या. गेल्या वर्षी त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि संध्याकाळी त्या मागच्या बाजूलाच फेऱ्या मारतात. इको-फ्रेंडली म्हणून मिरवणाऱ्या चित्रांत एकही काठी टेकत चालणारं माणूस नसतं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्यासाठी, व्हीलचेअरसाठी, दुधाच्या क्रेटवाल्यासाठी चार फुटांचा सपाट पट्टा ठेवायचं ठरलं.

गवतावरही काट मारली. गाडीखाली ऊन लागत नाही, गवत पिवळं पडतं आणि एप्रिल-मेमध्ये त्याला जगवायला पुन्हा टँकरच. पाणी वाचवणाऱ्या फरसबंदीला विकतचं पाणी पाजायचं, हे मला तरी पटेना. जाळीत खडीच भरू, असं म्हटल्यावर सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांना हिरवं हवं होतं, फोटोत येईल असं.

खरी खडाजंगी मिस्त्रीबरोबर झाली. "साहेब, पीसीसीशिवाय गॅरंटी नाही देणार. गाड्या चढल्या की बसलं समजा." तो अडवणूक करत नव्हता, त्याच्या बाजूने तो बरोबर होता. त्याने आयुष्यभर बसवलेल्या ब्लॉकांबद्दल त्याला शिव्या मिळाल्या त्या खचण्यावरूनच, पाणी मुरलं नाही म्हणून त्याला कुणी कधी फोन केला नाही. शेवटी एका गाडीपुरता तुकडा त्याच्याकडून खडीवर करून घेतला. मोठी खडी थराथराने रोलरने दाबली, कडेला काँक्रीटचा पक्का कर्ब धरला, ८० मिलिमीटरचे ब्लॉक घेतले आणि सोसायटीतली सगळ्यांत जड एसयूव्ही त्यावर पंधरवडाभर उभी केली. मिस्त्री रोज येऊन ओळंबा लावल्यासारखा एक डोळा मिटून बघायचा. मग एकदा स्वतःच बादली आणून ओतली. पाणी पडलं आणि दिसेनासं झालं, खालून नुसता खळखळ आवाज आला. "च्यायला," एवढंच म्हणाला आणि पुढची खडी मागवली. बुचाभोवतीचे ब्लॉक काढले, सालीत रुतलेला एक मात्र ठेवावा लागला.

पहिल्या पावसाळ्यात पार्किंगचा मधला भाग छान चालला. सर थांबली की दहा मिनिटांत पाय कोरडे. फाटकाजवळचा भाग मात्र ऑगस्टपर्यंत थंडावला. शेजारी बांधकाम चालू आहे, डंपरच्या चाकांनी आलेला चिखल आमच्या फटींत बसला. गाळणीत चोथा साचावा तसं झालं आणि वर पाण्याचा पातळ थर उभा राहायला लागला. त्यात हाउसकीपिंगचा मुलगा मोठ्या उत्साहाने जेट स्प्रे मारायचा. त्याने वरचा गाळ आणखी आत जाऊन बसला. परदेशात यासाठी गाळ ओढून घेणाऱ्या मशीन फिरवतात म्हणे. आमच्याकडे खराटा आहे. वरच्या दोन इंचांतली खडी उकरायची, धुवायची आणि परत भरायची, हा त्यावरचा खात्रीचा उपाय, आणि तो पावसाळ्याच्या आत दरवर्षी करायला हवा. हे ब्रोशरमध्ये कुठेही छापलेलं नसतं.

भाच्याने तो फ्लॅट घेतला नाही. कारण अगदी वेगळं होतं, बँकेचा हप्ता बसेना.

आमचं घोडं सध्या अडलंय ते खडी धुण्यावर. हाउसकीपिंगच्या करारात झाडणं, पुसणं, कचरा उचलणं एवढंच आहे. खडी उकरायला दोन माणसं जास्त लागतील, त्याचे पैसे वेगळे, असं कंत्राटदाराने कळवलंय. मेंटेनन्स वाढवायला निम्मे सभासद तयार नाहीत, आणि जे तयार आहेत त्यांच्यापैकी एकाने परवाच्या मीटिंगमध्ये विचारलं, "पण एवढी खडी धुवायला पाणी कुठलं वापरणार, बोअरचं का टँकरचं?" त्यावर तासभर चर्चा झाली. विषय पुढच्या सभेवर ढकललाय.